दीडशे पत्ते आणि बंगालचा ताग

प्रश्न: ट्रॅव्हलिंग सेल्समनचा प्रॉब्लेम (सगळ्या ठिकाणी एकेकदा जाऊन परत यायची सगळ्यात छोटी फेरी शोधणं) कॉम्प्युटरलाही झेपत नाही असं कॉलेजात शिकवलं. पण माझा भाऊ डिलिव्हरी करतो, त्याचं अ‍ॅप दीडशे पत्त्यांचा रूट दोन सेकंदात काढतं. मग खोटं कोण बोलतंय?

उत्तर: कोणीच नाही हो. कॉलेजात सांगतात ते वाईटात वाईट केसबद्दल. २० गावं घेतली तरी वेगवेगळ्या फेऱ्या होतात साधारण ६ वर १६ शून्यं, आणि कुठलाही नकाशा दिला तरी बेस्ट उत्तर झटपट काढेल अशी पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही. पण भावाचे पत्ते काही कुणी त्याला छळायला मुद्दाम मांडलेले नसतात ना! म्हणून प्रश्नच बदलायचा, नकाशावर ठिपके (म्हणजे पत्ते) डोळे मिटून विखुरले तर बहुतेक वेळा काय होतं?

गंमत म्हणजे याची सुरुवात कॉम्प्युटरवाल्यांनी नाही केली. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस बंगालमध्ये तागाच्या पिकाचा सर्व्हे करत होते, माणसं शेतोशेती फिरवायची म्हणजे प्रवासाचा खर्च आलाच, तेव्हा १९४० च्या लेखात त्यांनी अंदाज मांडला की ठिकाणं वाढली की फेरी त्यांच्या वर्गमुळाच्या हिशोबाने वाढते. म्हणजे ठिकाणं चौपट केली तर चालणं फक्त दुप्पट. याची पक्की सिद्धता १९५९ साली बियर्डवुड, हॉल्टन आणि हॅमर्सली या गणितज्ञांनी दिली. सगळ्यात छोट्या फेरीची लांबी म्हणजे क्षेत्रफळ गुणिले ठिकाणं, त्याचं वर्गमूळ, गुणिले ०.७१२ च्या आसपास (हा आकडा कॉम्प्युटरवर मोजून काढलाय, नेमका किती ते सूत्राने अजून कुणाला सांगता आलेलं नाही). १०० चौरस किलोमीटरमध्ये डोळे मिटून १०,००० ठिपके टाका, सगळ्यात छोटी फेरी ७१५ किलोमीटरच्या आसपास येणार, ठिपके कुठे पडले याने फारसा फरक पडत नाही, मला तर हे अजूनही जादूसारखं वाटतं.

मग १९७७ मध्ये कॉम्प्युटर शास्त्रज्ञ रिचर्ड कार्पने याचाच फायदा घेतला. नकाशाचे छोटे तुकडे पाडायचे, प्रत्येकात बेस्ट फेरी काढायची आणि त्या एकमेकींना जोडायच्या. जोडताना थोडं जास्तीचं अंतर पडतं, पण ठिपके वाढतील तसा एकूण फेरीत त्याचा वाटा नगण्य होत जातो.

भावाचं अ‍ॅप नेमकी हीच पद्धत वापरतं असं नाही, अशा बऱ्याच युक्त्या आहेत. पण ते देतं तो बहुतेक 'जवळजवळ बेस्ट' रूट असतो, बेस्टच आहे याची गॅरंटी ते दोन सेकंदात देत नाही. आणि वरचे आकडे सरळ रेषेतल्या अंतराचे आहेत, वन-वे आणि रेल्वे फाटक त्यात धरलेलं नाही.