कुडू, गेम्सबॉक आणि शिंगांचे इंच: आधी वय बघा

तुमचा प्रश्न मला असा समजला: जूनमध्ये नामिबियात ओचिवारोंगोच्या बाजूला एका फार्मवर सहकाऱ्याने शिकारीला बोलावलं आहे. एक कुडू आणि एक गेम्सबॉक ठरलेत, दोन्ही तिकडची मोठ्या शिंगांची हरणं. नोंदणीकृत मार्गदर्शक आणि परवाना, दोन्हीची सोय झाली आहे. पण "त्याने बोट दाखवायचं आणि मी चाप ओढायचा" हे तुम्हाला पटत नाही. समोरचं जनावर ट्रॉफीचं, म्हणजे शिंगं भिंतीवर लावण्याजोगं, आहे की नाही, हे आपल्याला आपलं कळायला हवं. नोंदीत यायला किती इंच लागतात, तेही तुम्ही विचारलंय. या धाग्यात वर एकाने "कानाची लांबी धरा आणि शिंगात किती कान बसतात ते मोजा" असं सांगितलंय. ते खोटं नाही, पण ती शेवटची पायरी आहे आणि त्यांनी ती पहिली म्हणून सांगितली.

शिकार करावी की करू नये, यावर इथे आधीच भरपूर हाणामारी झाली आहे. मी त्यात पडत नाही. मी स्वतः बंदूक फारशी हातात घेत नाही. गेली बरीच वर्षं विंडहुकच्या उत्तरेकडच्या फार्मांवर प्राणीगणनेला जाते आणि शिकारी मंडळींबरोबर दुर्बीण आणि टेप सांभाळते. जनावर उभं असताना ऐकलेला अंदाज आणि ते पडल्यावर टेपवर दिसलेला आकडा, या दोन्हींतला फरक त्यामुळे मला चांगलाच परिचयाचा आहे. बहुतेक वेळा आकडा अंदाजापेक्षा कमीच भरतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की आधी नर म्हातारा आहे का ते ठरवा. इंच नंतर. कारण सांगते. हरणांची, म्हणजे या अँटिलोप मंडळींची शिंगं सांबर-चितळासारखी दरवर्षी झडत नाहीत. आत हाडाचा गाभा आणि वर नखासारख्या केराटिनचं आवरण. वाढ बुंध्याकडून होते, म्हणजे टोक हा सगळ्यात जुना भाग. पहिल्या काही वर्षांत लांबी झपाट्याने वाढते, मग वाढ मंदावते, आणि टोकं मात्र झाडांवर, मातीत, भांडणांत झिजत राहतात. परिणाम असा की कळपातली सगळ्यात लांब शिंगं पुष्कळदा म्हाताऱ्याची नसतातच, ऐन भरात असलेल्या नराची असतात. ज्याने अजून दोन-तीन हंगाम माद्यांना फळवायचं, त्यालाच नुसत्या इंचांच्या मागे लागलेला माणूस उचलतो. नामिबियातल्या व्यावसायिक शिकाऱ्यांच्या संघटनेने, नाफाने, वयाला महत्त्व देणारी मोजणीची पद्धत काढली ती याच कारणाने. मला ती इंचांच्या शर्यतीपेक्षा कितीतरी शहाणी वाटते. तुम्ही ज्या फार्मवर जाताय तिथे ती पाळतात का, हे आधीच विचारून घ्या. पाळत असतील तर तुमचा मार्गदर्शक कुठलं जनावर सोडतो आणि कुठल्यावर थांबतो, ते लगेच उलगडेल.

आता कुडू. हा खरा कसोटीचा. नराच्या शिंगांना पीळ असतो आणि वयाचा पहिला हिशेब त्या पिळातच आहे. साधारण दोन वर्षांच्या नराचा एक वळसा पूर्ण झालेला असतो. अडीच वळसे व्हायला सहाच्या आसपास वर्षं लागतात. जंगलात कुडूचा नर सात-आठ वर्षांपलीकडे क्वचितच जातो, तेव्हा अडीच वळसे म्हणजे आयुष्य बहुतेक उरकलेला गडी. दोनच वळसे झालेत आणि टोकं अजून आत किंवा मागे वळलेली आहेत, तर तो पोरगेला आहे. शिंगं कितीही उंच दिसोत, सोडून द्या. दुसऱ्या वळशानंतर टोकं बाहेरच्या आणि पुढच्या बाजूला उलगडलेली दिसली की मग पुढचं बघायचं.

पुढचं म्हणजे वळशाची खोली. कुडूचं शिंग पिळाच्या कडेकडेने टेप फिरवून मोजतात, त्यामुळे सरळ उंची फसवी असते. दोन नर शेजारी उभे असतील, डोक्यापासून टोकापर्यंत सारखेच उंच दिसतील, पण एकाचे वळसे आवळलेले आणि दुसऱ्याचे ऐसपैस असतील, तर टेपवर त्या दोघांत बरेच इंच निघतात. खोली समोरून नीट कळत नाही. बाजूने किंवा मागून बघा. वळशाच्या पोकळीतून पलीकडचं आभाळ किती दिसतं, यावर लक्ष ठेवा. आता कान वापरा: कुडूचा कान साधारण नऊ-दहा इंचांचा. पहिल्या वळशाची रुंदी कानाशी लावून बघा आणि मग वर चला.

गेल्या हिवाळ्यात काटेरी झुडपांच्या एका दाट पट्ट्यात आम्ही थांबलो होतो. समोर काहीच दिसत नव्हतं. मग एक कान हलला. कानाच्या वर बघितलं तर फांद्यांमध्ये दोन फिकट, हस्तिदंती ठिपके होते. झिजून गुळगुळीत झालेली टोकं. बाकी शिंग सालीच्या रंगात मिसळून गेलेलं. तो नर बराच वेळ हलला नाही आणि त्या वेळात मार्गदर्शकाने शिंगांकडे बघणं जवळजवळ सोडूनच दिलं होतं. तो अंग बघत होता. मान जाड आणि गडद, अंगाचा रंग तपकिरी सोडून निळसर राखाडी झालेला, मानेवरची आयाळ विरळ, एका कानाची कड फाटलेली, कमरेची हाडं किंचित वर आलेली. म्हातारा ओळखायचा तो असा. शिंगं त्यानंतर. जूनच्या सुमारास नर माद्यांच्या मागे असतात आणि माना फुगलेल्या असतात, त्यामुळे मान एकटी बघून निर्णय घेऊ नका. मध्यम वयाचाही या दिवसांत पैलवान वाटतो.

गेम्सबॉकचा प्रश्न वेगळाच आहे. इथे नर आणि मादी दोघांनाही शिंगं, आणि मादीची बहुधा जास्त लांब. नराची आखूड पण बुंध्याशी जाड. खालच्या वळ्या ठसठशीत, दोन्ही बुंधे एकमेकांच्या अगदी जवळ आलेले. मादीचं शिंग बारीक, टोकापर्यंत हळूहळू निमुळतं होत जाणारं. लांबून नुसत्या शिंगांवरून ठरवू नका, पोटाखाली बघा. नराच्या लिंगाचं आवरण बाजूने स्पष्ट दिसतं. खांदे आणि मानही नराची भारी. ट्रॉफींच्या नोंदवहीसाठी मादी चालते आणि बऱ्याच फार्मांवर वीण संपलेली म्हातारी मादी उचलायला सांगतात. पण कळपात पिल्लं असतील तर मादीकडे दुर्बीण वळवूच नका. पिल्लं उंच गवतात बसलेली असतात, दिसत नाहीत, आणि आई मात्र उघड्यावर उभी असते. पाणवठ्यावर एकटीच येणारी, एक शिंग टोकाला तुटलेली, हाडं दिसणारी मादी मिळाली तर मार्गदर्शक तीच सुचवेल. तिची शिंगं भिंतीवर फार दिमाखदार दिसणार नाहीत, पण माझ्या मते त्या फार्मवरची ती सगळ्यात योग्य निवड असते. तुटलेलं शिंग नको म्हणून हट्ट धरणारे पाहुणे मी पाहिलेत. त्यांच्याबरोबर जेवायला मजा येत नाही.

बाकीच्या हरणांवर थोडक्यात, कारण फार्मवर ती दिसतीलच. स्प्रिंगबॉकमध्येही दोघांना शिंगं. नराची जाड आणि वळ्यांची, टोकं आत वळलेली, मादीची काडीसारखी. शिंगाचा बाक कानाच्या टोकाच्या वर सुरू होत असेल तर बघण्यासारखा. (स्प्रिंगबॉक पडल्यावर काही वेळ त्याच्या पाठीवरची पांढऱ्या केसांची पट्टी उलगडते आणि तिला मधासारखा गोडसर वास येतो. वाकून घेतलाय मी तो वास.) इंपालात शिंगं फक्त नराला. टोकं वर वळून एकमेकांना समांतर झाली असतील तर तो पुरता वाढलेला. ब्लू वाइल्डबीस्ट समोरून बघायचा, शिंगं कानांच्या बाहेर जातात का एवढंच. सेबलचा नर वयाबरोबर काळाभोर होत जातो आणि माद्या दक्षिणेकडे तांबूस असतात, त्यामुळे तिथे गल्लत कमी होते.

ईलंडवर मात्र दोन वाक्यं जास्त. त्यात शिंगं जवळजवळ बिनमहत्त्वाची. मादीची लांब आणि बारीक, म्हाताऱ्या नराची झिजून आखूड झालेली, पीळसुद्धा घासून गेलेला. नर जोखायचा तो कपाळावरच्या गडद केसांच्या झुपक्यावरून, गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीवरून आणि निळसर झालेल्या मानेवरून. आणि आपल्या कानांनी ऐकून. मोठा नर चालताना पुढच्या पायांतून बोटं मोडल्यासारखा कट् कट् आवाज येतो, शांत सकाळी तो लांबूनही ऐकू येतो. झुडपात जनावर दिसायच्या आधी मार्गदर्शक थांबतो, ते यामुळे.

आता आकडे, कारण तुम्ही ते विचारलेच आहेत. रोलंड वॉर्डच्या नोंदी, म्हणजे शिकारीतल्या शिंगांच्या मापांची नोंदवही, 1892 पासून छापल्या जातात. त्यात येण्यासाठी कुडूला जवळजवळ 54 इंच लागतात, गेम्सबॉकला 40, सेबलला जवळजवळ 42, ईलंडला 35, इंपालाला साडेतेवीसच्या किंचित वर, स्प्रिंगबॉकला 14. कुडू आणि गेम्सबॉकमध्ये तिथे जास्त लांब असलेल्या एका शिंगाची लांबीच धरतात. सफारी क्लब इंटरनॅशनल या शिकाऱ्यांच्या संघटनेचा हिशेब निराळा: दोन्ही शिंगांची लांबी आणि दोन्ही बुंध्यांचा घेर, सगळ्याची बेरीज. त्यामुळे बारीक पण लांब शिंगांची गेम्सबॉक मादी एका पद्धतीत पुढे असते आणि जाडजूड नर दुसऱ्या पद्धतीत. कुणी "हा चाळीसचा" म्हणालं तर कुठल्या मोजणीने, हे विचारा. तसंही 54 चा कुडू रोज दिसत नाही. 48-50 चा म्हातारा मिळाला तरी मार्गदर्शक तुमच्याशी हात मिळवेल.

डोळे कुठे फसतात तेही सांगते. कोवळ्या नराची मान बारीक आणि अंग लहान, म्हणून त्याची शिंगं अवाढव्य वाटतात. म्हाताऱ्याचं धूड मोठं, म्हणून त्याची लहान. नवख्याकडून चुकीचं जनावर निवडलं जातं ते याच्यामुळे. सूर्य जनावराच्या मागे असला की शिंगं जाड दिसतात, आभाळाच्या पार्श्वभूमीवर लांब दिसतात. दुपारी जमिनीवरची हवा लवलवते, तेव्हा टोकं कुठे संपतात तेच कळत नाही. आणि पळणाऱ्या जनावराची शिंगं जोखूच नका. कुडू डोकं मागे टाकून पळतो, शिंगं पाठीवर टेकतात, आणि प्रत्येक नर साठ इंचांचा होतो. शंका आली की सोडायचं, एवढा नियम धरा. मार्गदर्शक घाई करत असेल तर त्याला सरळ विचारा, "वय किती?" इंच विचारू नका.

सरावासाठी आफ्रिकेची गरज नाही. तुम्ही मेमध्ये पुण्याला येणार असं लिहिलंय, तर एक दिवस अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्यात जा. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद आहे, म्हणजे हातात फक्त दुर्बीण आणि कॅमेरा, आणि तेच बरं. काळविटाचा नर वयाबरोबर काळा पडत जातो, शिंगांचे पीळ वाढत जातात. दुर्बिणीतून वळसे मोजा, वय सांगा, वहीत लिहा, मग फोटो मोठा करून ताडून बघा. जमलं तर सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्यात चिंकाराही बघा: तिथे मादीलाही लहान शिंगं असतात, त्यामुळे गेम्सबॉकसाठी नर-मादी ओळखायची सवय लागेल. दुर्बीण 8×42 किंवा 10×42 पुरे. त्याहून जास्त शक्तीची हातात थरथरते, आणि जूनमध्ये पहाटे तिकडचं तापमान शून्याजवळ जातं, तेव्हा हात तसेही थरथरणार. गाडीच्या चौकटीवर किंवा बंदुकीच्या तिकाटण्यावर दुर्बीण टेकवून बघा.

एक गोष्ट मार्गदर्शक सांगेलच, तरी लिहून ठेवते. नामिबियात कुडूंमध्ये रेबीज आहे. 1970 च्या दशकाच्या शेवटी मोठी साथ आली होती आणि नंतरही ती उफाळत राहिली. एखादा देखणा नर तुम्हाला बघूनही हलत नसेल, माणसांच्या वस्तीकडे येत असेल, तोंडातून लाळ गळत असेल, तर तो निवांत उभा राहून शिंगं मोजायची संधी देत नाहीये. गाडीतून उतरू नका, लाळेला किंवा डोक्याला हात लावू नका आणि फार्मवाल्याला लगेच कळवा.