परीक्षा जवळ आली की डोक्यातला कोंडा का वाढतो?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करताय. पूर्व परीक्षा महिन्यावर आली की डोकं खाजायला लागतं, पुस्तकावर पांढरा चुरा पडतो आणि पेपर झाले की आपोआप कमी होतं. हा ताणाचा परिणाम आहे की मनाचे खेळ, असं तुमचं विचारणं आहे.

मनाचे खेळ नाहीत. मी डॉक्टर नाही, करसल्लागाराच्या ऑफिसात काम करते आणि पंधरा वर्षं कोंड्याने हैराण होते. मला त्वचारोगतज्ज्ञांनी पहिला प्रश्न विचारला, "कधी वाढतो?" मला सांगताच येईना. मग दुधाचा हिशोब लिहितो त्याच भिंतीवरच्या कॅलेंडरवर, खाज जास्त असेल त्या तारखेला एक छोटा 'क' लिहायला लागले. वर्षाच्या शेवटी पानं उलटून पाहिली. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत 'क' होते, ते अपेक्षितच होतं. पण सगळ्यात दाट होते ते जुलैच्या शेवटच्या पंधरवड्यात आणि सप्टेंबरात. म्हणजे विवरणपत्रांची मुदत आणि ऑडिटची मुदत! आणि फेब्रुवारीत आई दवाखान्यात होती, ते दहाही दिवस.

ताण कोंडा तयार करत नाही, असलेला भडकवतो. मॅलासेझिया नावाची एक बारीक बुरशी जवळजवळ प्रत्येकाच्या टाळूवर असते. ती टाळूवरच्या तेलावर जगते. ते तेल फोडताना ओलेइक आम्ल सुटतं आणि काहींच्या त्वचेला ते सोसत नाही. एरवी त्वचेच्या पेशी साधारण महिनाभरात, नजरेला न दिसता गळतात. अशा चिडलेल्या टाळूवर मात्र त्या घाईघाईने वर येतात आणि गठ्ठ्याने सुटतात. तोच कोंडा. ताणात कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं वाढतात, त्वचेचं वरचं संरक्षक आवरण कमकुवत होतं, दाह लवकर होतो, तेलग्रंथींवरही त्यांचा परिणाम होतो.

पण माझा अनुभव विचाराल तर याच्याइतकंच नुकसान ताणात आपण जे वागतो त्याने होतं. आकडे जुळत नसले की माझा डावा हात केसांत जायचा. लक्षातही यायचं नाही. नखांत पांढरं साठलेलं दिसलं की मग कळायचं. खाजवून टाळू सोलवटते, सोललेली टाळू आणखी खाजते. त्यात "आता वेळ नाही, रविवारी केस धुऊ" म्हणत दोन रविवार जायचे आणि झोप रात्री दोनला. तुमच्या अभ्यासिकेत याहून वेगळं काही चालत असेल असं वाटत नाही.

उपायाला डोक्यापासून सुरुवात करा. ताण गेल्यावर कोंडा जाईल अशी वाट पाहू नका. मला 2 टक्के किटोकोनॅझोलचा (हे बुरशी मारणारं औषध) शाम्पू दिला होता आणि मी तो कित्येक महिने चुकीचा वापरला: केसांना फेस केला, लगेच धुतला. औषध केसांना नाही, टाळूला हवं असतं. केस ओले करून भांग पाडत जा, बोटांच्या पेरांनी (नखांनी नाही) टाळूला लावा आणि घड्याळ लावून तीन ते पाच मिनिटं ठेवा. आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. नंतर आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा चालू ठेवा. कोंडा दिसेनासा झाला की मी बंद करायचे आणि तो परत यायचा. झिंक पायरिथिऑन किंवा सेलेनियम सल्फाइडचे शाम्पूही चालतात. आता मी जूनच्या शेवटीच सुरू करते, जुलै यायच्या आत.

तेलाबद्दल घरचं ऐकावं लागेल, तयारी ठेवा. "डोकं कोरडं पडलंय, तेल चोप" हे मी सासूबाईंकडून आणि आईकडून सारखंच ऐकलंय. कोंडा कोरडा दिसतो, पण बहुतेकदा खालची टाळू तेलकटच असते आणि त्या बुरशीचं अन्नही तेलच. दिवाळीच्या अभ्यंगात तेल लावून लगेच उटणं-शिकेकाईने न्हायचं असतं, ते आपण विसरलो आणि तेल दोन-दोन दिवस डोक्यात मुरवत बसलो. लावायचंच तर धुण्याआधी तासभर लावा. लिंबू मात्र नको. ओरबाडलेल्या टाळूवर मी एकदा चोळलं होतं, डोळ्यांतून पाणी आलं.

आता ताण. "टेन्शन घेऊ नका" हे वाक्य मी तुम्हाला लिहिणार नाही, परीक्षा तुमची आहे. मला तीन गोष्टी लागू पडल्या. केस धुण्याचे वार ठरवले, बुधवार आणि रविवार, काहीही झालं तरी. घरी काम करताना डोक्याला सुती रुमाल बांधला, हात गेला तर कापडाला लागतो आणि भान येतं. आणि काम संपो न संपो, साडेअकराला दिवा बंद. संध्याकाळी अर्धा तास चालता आलं तर उत्तमच.

कोंडा संसर्गजन्य नाही, हे खोलीतल्या मित्रांना सांगा. भावाच्या लग्नात गडद जांभळ्या शालूचा पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून मी उकाड्यात तीन तास बसले होते. त्या लाजेचा ताण वेगळाच असतो आणि तोही परत टाळूवरच येतो.

महिनाभर नीट वापरूनही फरक नाही, भुवया, नाकाच्या कडा किंवा कानांमागे लाली आणि खपल्या आहेत, जाड चंदेरी थर कोपर-गुडघ्यांवरही आहेत (तो सोरायसिस नावाचा त्वचारोग असू शकतो), किंवा केसांचे गोल चट्टे गेलेत, तर डॉक्टरांना दाखवा. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडचं मलम आणू नका. आणि आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण नको, जगणं नको वाटतंय असं असेल तर तो कोंड्याचा प्रश्न राहिलेला नाही. 14416 हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

पूर्व परीक्षा महिन्यावर आली असेल तर चार आठवडे तुमच्या हातात आहेत. आज शाम्पू आणा, उद्या सकाळी अभ्यासिकेत जायच्या आधी डोकं धुवा, आणि भिंतीवर कॅलेंडर असेल तर त्यावर पहिला 'क' लिहा.