जोत्यातली भोकं बुजवावीत का?

प्रश्न : सदाशिव पेठेत आमचा जुना दुमजली वाडा आहे. बोळाकडच्या दगडी जोत्यात गज बसवलेली तीन आडवी भोकं आहेत, साधारण ९ इंच बाय ६ इंच. शेजारी खापराचा गोल नळ बाहेर डोकावतो. चौकातल्या फरशीत एक दगडी झाकण आहे, त्याला मधोमध बोटभर भोक. उंदीर येतात म्हणून कंत्राटदार सगळं सिमेंटनं बुजवू म्हणतो. काय करावं?

उत्तर : आधी ओळखा, सिमेंटचं नंतर बघू. तिन्ही गोष्टींचं काम वेगळं असणार.

पेठांतल्या वाड्यांची जोती बहुधा माती-मुरमाच्या भरावाची, आतून घट्ट. अशा जोत्याला हवेची गरज नसते. तरीही गजांची भोकं असतील, तर आत तळघर असण्याची शक्यता मोठी. बाहेरून बॅटरी मारा. भोकाचा तळ आत उतरता असेल तर तो तळघराचा झरोका. उजेड खाली पडावा म्हणून तसा उतार देतात. हातभर आत दगडच लागला तर झरोका कुणीतरी आधीच बुजवलेला आहे, किंवा ते परांचीचं भोक आहे, म्हणजे बांधकामाच्या वेळी परातीच्या आडव्या बल्ल्या भिंतीत खोचायला ठेवलेलं. पण परांचीच्या भोकांना गज नसतात आणि ती भिंतीत वरपर्यंत ठरावीक अंतरानं दिसतात. तळघराचं दार सापडत नसेल तर जिन्याखालची आणि कोठीतली फरशी ठोकून बघा, पोकळ आवाज येतो का.

तळघर सापडलं की दार उघडं ठेवून प्रत्येक झरोक्याशी पेटती उदबत्ती धरा. एकीकडे धूर बाहेर ओढला जातो, दुसरीकडून हवा आत येते. म्हणून ‘एकच बुजवू’ हेही चालत नाही, जोडीचा झरोका निकामी होतो. सगळेच बुजवले तर दगडाच्या सांध्यांतून येणारी ओल आतच कोंडते. भिंतींना लोणा (पांढरा खार) लागतो, मग तुळयांची भिंतीत गेलेली टोकं कुजतात आणि वाळवी धरते. तुळई मधे ठणठणीत दिसते, त्यामुळे हे फार उशिरा कळतं.

उंदरांसाठी गजांमागे ६ मिलिमीटर छिद्रांची स्टेनलेस स्टीलची जाळी लावा, काढता येईल अशा चौकटीत. कडा १ भाग चुना, ३ भाग वाळू या मालानं भरा. पेठांत रस्ते वर आले आहेत, तेव्हा झरोक्याची कड बोळापासून निदान ६ इंच वर आहे ना, ते पाहा. नसेल तर पुढे विटांचा अर्धगोल कठडा बांधा.

खापरी नळ मोरीचा असावा. आतल्या मोरीत गुलाल कालवलेलं बादलीभर पाणी ओता. गुलाबी पाणी बाहेर आलं तर तो चालू आहे, बुजवला तर मोरी तुंबेल. नाही आलं, तर गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल नळी लावून चौकातल्या झाकणाशी त्याची पातळी जुळवा. झाकणाखाली हौद असेल आणि नळ त्याच्या काठाच्या जरा खाली येत असेल, तर तो हौदाचं जादा पाणी जाण्याचा मार्ग. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून नळानं शहरात पाणी आणलं गेलं आणि त्यावर हौद भरत, तेव्हा जुन्या चौकात हौद निघणं नवल नाही.

झाकण उघडलं तरी आत कुणालाही उतरवू नका. खाली सोडलेला दिवा जळत राहिला म्हणजे हवा चांगली, हा समज जीवघेणा आहे. विषारी वायू दिवा विझवतोच असं नाही. पाणी पंपानं काढा आणि उतरायचंच असेल तर वायू मोजणारं यंत्र असलेली माणसं बोलवा.

प्रश्न : कॅम्पातल्या आमच्या बंगल्याच्या जोत्यात बिडाच्या छोट्या जाळ्या आहेत. त्या कशासाठी?

उत्तर : खोल्यांना लाकडी तक्तपोशी, म्हणजे फळ्यांची जमीन असेल तर तिच्याखालची हवा खेळती ठेवायला. समोरासमोरच्या जाळ्या मोकळ्या हव्यात. बागेची माती आणि रंगाचे थर त्यांचे शत्रू. तारेच्या ब्रशनं घासा आणि कुंड्या फूटभर लांब ठेवा.