लोमेला इंग्रजी चालेल का?

प्रश्न : मुलाला कंपनी टोगोला, लोमे शहरात पाठवते आहे. नकाशात आफ्रिकेचे इंग्रजी, फ्रेंच, पोर्तुगीज, अरबी असे रंगीत भाग पाडलेत. टोगो फ्रेंच, तर शेजारचा घाना इंग्रजी. मुलाला फ्रेंचचा गंध नाही. इंग्रजीवर निभेल का?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, ऑफिसात तरी निभणार नाही. औषध-निर्यातीच्या कागदपत्रांत माझी उभी नोकरी गेली, त्यामुळे तो नकाशा मला पाठ आहे. गोळी तीच, पण घानाच्या खोक्यात माहितीपत्रक इंग्रजी, टोगो-बेनिनला फ्रेंच, मोझांबिकला पोर्तुगीज. पत्रकांची अदलाबदल झाली की माल बंदरात अडकलाच म्हणून समजा!

पण हे रंग सरकारी कागदाचे. टोगो 1914पर्यंत जर्मनांकडे होता. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आणि फ्रेंचांनी तो वाटून घेतला. ब्रिटिशांकडची पश्चिमेची पट्टी 1957मध्ये स्वतंत्र घानात गेली. एवे भाषा बोलणारे लोक मात्र दोन्हीकडे राहिले. लोमे तर अगदी सीमेला टेकलेलं शहर. नाका ओलांडला की घानातलं आफ्लाओ. अलीकडे चलन सीएफए फ्रँक आणि शाळेत फ्रेंच, पलीकडे चलन सेडी आणि शाळेत इंग्रजी. घासाघीस दोन्हीकडे एवेतच चालते. जतच्या बाजूला कानडी-मराठी बाजार पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

रंग बदलतातही. रवांडाने 2008मध्ये शाळांत फ्रेंचऐवजी इंग्रजी आणायचं ठरवलं. मालीच्या 2023च्या राज्यघटनेने फ्रेंचचा राजभाषेचा दर्जाच काढला. टोगो स्वतः 2022मध्ये राष्ट्रकुलात गेला. त्याला भुलू नका, राजभाषा अजून फ्रेंचच आहे.

मुलाला जाण्याआधी निदान पहिली पातळी करू द्या. पुण्यात आलियाँस फ्राँसेझचे वर्ग आहेत. व्याकरण मागाहून, आधी आकडे. सत्तरच्या पुढे फ्रेंच आकडे असे काही वळतात की बाजारात नवखा माणूस हमखास गडबडतो. एवेतलं ‘अक्पे’, म्हणजे आभार, तेवढं येऊ द्या. आणि पदवीच्या कागदांचं फ्रेंच भाषांतर लागणार आहे का, लागलं तर कोण करून देणार, हे कंपनीकडून आत्ताच लेखी घ्या. तिथे गेल्यावर ते काम महागात पडतं.