पोदेराचा भोंपू आणि मागल्या पडवीतला कान

प्रश्न : मी फोंड्याला बी. एस्सी. करते. आमच्या प्रोजेक्टात सी. एलेगन्स हा सूत्रकृमी आहे. लिन-७ जनुक बिघडलं की अनेक कृमींना अंडी घालायचं दारच फुटत नाही. पण बाहेरून येणारा निरोप ठीक, तो घेणारा लेट-२३ रिसेप्टरही ठीक. मग अडतं कुठे? मॅडमनी ‘प्रोटीन इंटरॅक्शन’ एवढंच सांगितलं. आणि प्रोजेक्टासाठी या कृमींचा फोटो कधी काढू?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : बाय, मॅडमनी खोटं सांगितलेलं नाही, पण तेवढ्यानं पोट भरत नाही हेही खरं.

आमच्या म्हार्दोळला सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून येतो आणि भोंपू वाजवतो. आमच्या हिचे कान तिखट. पण ती मागच्या बाजूला न्हाणीपाशी असली की पोदेर पुढं निघून जातो आणि मला कालच्या पावावर चहा घ्यावा लागतो. कान शाबूत, माणूस घरात, फक्त भलत्या अंगाला.

तुझ्या कृमीचं तेच झालंय. जननग्रंथीतली अँकर पेशी लिन-३ हा निरोप सोडते. खाली ओळीनं सहा पेशी असतात. सगळ्यात जवळच्या पी६.पी.ला तो सगळ्यात जोरात पोचतो. निरोप येतो ग्रंथीकडच्या अंगानं, म्हणून लेट-२३ त्याच बाजूच्या पटलात हवा. त्याला तिथं धरून ठेवणारी प्रोटीनं तीन. रिसेप्टरचं शेपूट पेशीच्या आत लोंबतं, त्याचं टोक लिन-७ पकडतो, लिन-७ला लिन-२, आणि लिन-२ला लिन-१०. या तिघांची जोडणी १९९८ साली दाखवली गेली. एकाचा हात सुटला की रिसेप्टर कातडीकडच्या अंगाला जाऊन बसतो.

पटत नसेल तर रिसेप्टरच्या शेपटाचं नुसतं टोक तुटलेले कृमी बघ. ते जगतात, पण दार फुटत नाही. लेट-२३ पुरता गेला असता तर कृमी लहानपणीच मेला असता. नावातला ‘लेट’ म्हणजे लीथल, उशिराचा लेट नव्हे. (माझे निम्मे विद्यार्थी उशिराचाच समजत.)

पुढची साखळी, सेम-५, लेट-६० म्हणजे माणसातलं ‘रास’ (Ras) प्रोटीन वगैरे, तुझ्या पुस्तकात आहेच. एवढंच ध्यानात ठेव : लेट-६० कायम चालू राहील असा बदल केला, तर लिन-७ बिघडलेलं असूनही दार फुटतं, कधी एकाच्या जागी चार. भोंपू ऐकू येवो न येवो, घरातलं माणूस पिशवी घेऊन निघतंच. म्हणजे बिघाड पुढच्या साखळीत नाही, निरोप घेण्याच्या जागीच आहे.

आता फोटोचं. कृमी जेमतेम एक मिलिमीटरचा, पण काचेसारखा पारदर्शक. दार नाही म्हणून अंडी आईच्या पोटातच फुटतात. सूक्ष्मदर्शकाखाली आई निपचित आणि आत पिल्लांची वळवळ, असं मी एका विद्यार्थ्याच्या प्लेटवर पाहिलंय. फोटो त्याच दिवशी काढ. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलीस तर पिल्लं आईला आतून खाऊन मोकळी झालेली असतील आणि तुला नुसती कातडी मिळेल.