रेसमधून निवृत्त झालेली घोडी फळवण्यात पैसा घालावा का?

सप्रेम नमस्कार.

गंगाखेड तालुक्यातून लिहिलेले आपले पत्र पोचले. पुण्या-मुंबईच्या रेसमध्ये धावून निवृत्त झालेली नऊ वर्षांची थरोब्रेड (रेसच्या जातीची) घोडी आपण एका दलालामार्फत १,४०,००० रुपयांना घेतली. ती २३ वेळा धावली आणि दोनदा, तेही खालच्या वर्गात, जिंकली. रस्त्याच्या भूसंपादनाचे ११ लाख रुपये हाती आले आहेत. त्यातून घोडी पुण्याकडच्या वळूला, म्हणजे पैदाशीच्या घोड्याला, दाखवावी आणि शिंगरू दीड वर्षाचे झाले की विकावे, असा आपला बेत आहे. शिंगराचे १२ लाख सहज येतील, असे दलालाने सांगितले आहे.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो: या पैशातून, आज, हा व्यवहार करू नये. घोडी वाईट आहे म्हणून मी हे म्हणत नाही. ज्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर आपण १२ लाख धरले आहेत, ते गिऱ्हाईक आपल्या दारापर्यंत येईल की नाही, हे अजून ठरलेलेच नाही.

ते ठरते कागदांवर. रेसमध्ये धावायचे तर शिंगराची नोंद पुण्यातील स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडिया या थरोब्रेडच्या वंशावळीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे व्हावी लागते. त्यासाठी आई आणि बाप दोघेही तिथे नोंदलेले असावे लागतात आणि पालकत्व डीएनए तपासणीने सिद्ध व्हावे लागते. कृत्रिम रेतनातून झालेले थरोब्रेड शिंगरू तर नोंदले जातच नाही, म्हणजे घोडी प्रत्यक्ष वळूपाशीच न्यावी लागणार. आपल्याकडे दलालाने दिलेली घोडीच्या पासपोर्टची, म्हणजे तिच्या ओळखपत्राची, फक्त झेरॉक्स आहे. रेसमधून बाहेर पडलेले जनावर पुष्कळदा केवळ सवारीसाठी, कागदांविना विकले जाते. तसे असेल तर शिंगरू कितीही देखणे निघाले तरी ते धावपट्टीवर उतरणार नाही, आणि मग त्याचा बाजार पुण्यात नसून नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत असेल.

माळेगावचा बाजार मी दरवर्षी पाहतो. खंडोबाच्या यात्रेत, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास, गिऱ्हाईक आधी घोड्याचे कान पाहते, मग अंगावरचे भोवरे मोजते, दात उघडून वय काढते आणि शेवटी हलगीवर चाल पाहते. तिथे मारवाडी घोड्याच्या रक्ताला मान आहे. थरोब्रेडचे सरळ कान आणि रोड, लांब अंग हा वरातीचा माल नव्हे. दोन वर्षांपूर्वी एका वृद्ध शेतकऱ्याने अशाच एका उंच घोडीच्या पुढच्या पायावर गुडघ्याखाली तळहात फिरवला, नसेवरच्या जुन्या गाठीपाशी बोट थांबवले आणि एक शब्दही न बोलता पुढच्या दावणीकडे गेला. आपल्या घोडीचे पाय तसे तपासून घेतले आहेत का? गाभणपणाचे शेवटचे महिने ते वजन त्याच पायांना पेलायचे आहे.

आता हिशेब, आपण कळवलेल्या आकड्यांवरच. घोडीचा चारा, चंदी, नालबंदी आणि डॉक्टर मिळून महिन्याला ९,००० रुपये. माज दर २१ दिवसांनी येतो आणि पहिल्याच खेपेला घोडी गाभण राहीलच असे नाही, म्हणून दोन महिने त्यात धरू. पुढे गाभणपणाचे सुमारे ११ महिने आणि शिंगरू विक्रीला येईपर्यंतचे १८, असे ३१ महिने झाले. त्याचे २,७९,००० रुपये. वळूची फी १,२५,०००. चारशेच्या आसपास किलोमीटरची ने-आण आणि तिथला मुक्काम ६०,०००. दूध तोडल्यानंतर शिंगराचे वर्षभर, महिना ५,००० प्रमाणे, ६०,०००. विमा आणि अडीअडचण यांसाठी मी १ लाख धरतो. बेरीज ६,२४,००० रुपये होते. घोडीची किंमत यात मी मुद्दाम धरलेली नाही, कारण ते पैसे गेलेले आहेत आणि पुढचा निर्णय त्यांच्या ओढीने घेऊ नये.

ही बेरीज सगळे सुरळीत झाले तरची आहे. घोडी उलटते, गाभडते, कधी शिंगरू मेलेले येते. तीन प्रयत्नांत दोन शिंगरे जगली असे मानू, आणि हा अंदाज उदारच आहे. फसलेल्या प्रयत्नात फी, ने-आण आणि १३ महिन्यांचा सांभाळ मिळून ३,०२,००० रुपये जातात. तिन्हींचा खर्च १५,५०,००० होतो, म्हणजे जगलेले प्रत्येक शिंगरू आपल्याला ७,७५,००० रुपयांना पडते. इतकी किंमत देणारा माणूस आईची कामगिरी, तिच्या भावंडांची कामगिरी आणि वळूची आधीची पिल्ले पाहतो. खालच्या वर्गातले दोन विजय त्याला पुरेसे वाटतील, असे मला वाटत नाही. आजी किंवा मावशी मोठी रेस जिंकलेली असेल तर गोष्ट वेगळी होईल. पण ते कळण्यासाठीही मूळ कागदच लागतील.

शिवाय हे उत्पन्न शेतीचे म्हणून करमुक्त राहील, हा आपला समज बरोबर नाही. जमिनीवरच्या मशागतीशी संबंध नसलेले पशुपालन आणि पैदास म्हणजे शेती नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ सालीच स्पष्ट केले आहे.

आता ११ लाखांकडे पाहू. पीककर्ज २,२०,००० आहे. ते मुदतीत फेडले तर तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर राज्याच्या सवलतीमुळे व्याज शून्य पडते आणि थकले तर ही सवलत जाते, म्हणून ते आधी. मुलीच्या अभियांत्रिकी शिक्षणासाठी दोन वर्षांनी लागणारे ३ लाख वेगळ्या ठेवीत ठेवावेत. घरखर्चाची सहा महिन्यांची बेगमी १,५०,००० रुपये. हे बाजूला काढले की ४,३०,००० उरतात, आणि शिंगराला हवेत ६,२४,०००. मधली तूट आपण कशातून भरणार? मुलीच्या ठेवीतून, हे आपण लिहिलेले नाही, पण दुसरी वाट मला दिसत नाही. आणखी एक: गावच्या पतसंस्थेत जास्त व्याज मिळते म्हणून ही रक्कम तिथे ठेवू नका. बँकेत प्रत्येक ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतील ठेवीला ते नसते. माझ्या वडिलांची आयुष्यभराची पुंजी अशाच एका पतसंस्थेत अडकली होती, म्हणून हे जरा जोर देऊन लिहीत आहे.

घोडीवर आपला जीव आहे हे पत्राच्या ओळीओळीत दिसते, तेव्हा तिला विकून टाका असे मी म्हणणार नाही. दोन कामे मात्र कमी खर्चात आत्ताच करता येतील. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तिच्या गर्भाशयाची सोनोग्राफी आणि स्वॅब तपासणी करून घ्यावी. नऊ हे वय फळण्याला जास्त नाही, पण कधीच न व्यायलेल्या घोडीत दोष लपलेला असू शकतो. आणि मायक्रोचिपचा क्रमांक देऊन स्टड बुककडे लेखी चौकशी करावी. दोन्ही उत्तरे चांगली आली तर घोडी अर्धलीने द्यावी: वळू आणि त्याचा खर्च स्टडमालकाचा (वळू पाळणाऱ्याचा), घोडी आपली, शिंगराच्या विक्रीत दोघांचा वाटा, आणि शिंगरू न जगल्यास कोणी काय सोसायचे ते स्टँपपेपरवर आधीच लिहिलेले. आपल्याकडे शेळ्या-गाई अशा दिल्या जातात, तोच हा रिवाज. स्टडमालक यालाही नाही म्हणाला तर घोडीची किंमत जाणत्याने काय केली ते आपल्याला फुकट कळेल.

पुढेमागे ती गाभण राहिलीच तर एक गोष्ट जपा. आपल्याकडे ज्वारीचा हिरवा चारा हाताशी असतो, विशेषतः पाऊस ओढ देतो तेव्हा अर्धवट वाढलेली ज्वारी जनावरांपुढे टाकली जाते. घोड्याला ती बाधते, मूत्राशय आणि मागचे पाय त्यात जातात, आणि गाभण घोडीच्या शिंगराचे सांधे आखडलेले निघू शकतात. तिच्यासाठी लसूणघासाचे दोन वाफे विहिरीजवळ आताच लावून ठेवावेत. ते घोडी फळवली नाही तरी लागणारच आहेत.