गल्ल्यातल्या चिल्लरमध्ये जुनी आणि ठशात चूक असलेली नाणी कशी ओळखायची?

अमळनेरला किराणा दुकान आहे, आठवडे बाजाराच्या दिवशी भरपूर चिल्लर जमते, ती बँकेत भरण्याआधी काय बघावं, असं तुम्ही विचारलंय.

आधी लोहचुंबक फिरवा. आताचे पोलादी एक-दोन रुपये चिकटतात, जुनं तांबं-निकेल चिकटत नाही. १९९२ पासूनचं अकराकोनी दोन रुपयांचं नाणं असं पटकन बाजूला निघतं. पाच रुपयांना ही युक्ती पुरत नाही, कारण पिवळं नाणंही चिकटत नाही. तिथे सराफाकडे असतो तसा काटा लागतो: जुनं जाड पाच ९ ग्रॅम, पिवळं ६ ते ७ ग्रॅम.

मग वर्षाखाली भिंगाने (१० पट पुरे) टांकसाळीची खूण बघा. शंकरपाळ्यासारखा चौकोन मुंबईचा, चांदणी हैदराबादची, गोल ठिपका नोएडाचा, काहीच नसेल तर कोलकाता. १९८५ च्या रुपयाखाली इंग्रजी ‘एच’ असेल तर तो बर्मिंगहॅमला पाडलेला.

आता ठशाच्या, म्हणजे नाण्यावर छाप उमटवणाऱ्या साच्याच्या, चुका. नाणं वर-खाली दोन बोटांत धरून उभ्या अक्षावर फिरवा. मागची बाजूही सरळ उभी दिसली पाहिजे. कलली असेल तर ठसा फिरलेला आहे. थोडा कल नेहमीचाच. ९० अंशांच्या पुढचा असेल तर जपून ठेवा.

सगळ्यात जास्त फसगत दुहेरी अक्षरांत होते. नाणं पाडताना ठसा सरकला तर अक्षराची कड चपटी होऊन खाली पायरी दिसते आणि मूळ अक्षर बारीक होतं. संग्राहक याला वेगळा भाव देत नाहीत. ठसा बनतानाच छाप दुहेरी उमटली असेल तर दोन्ही अक्षरं गोलसर उठावाची असतात आणि टोकाला खाच दिसते. शोधायचं ते हे. तसंच, उठलेली रेघ म्हणजे ठशाला गेलेला तडा, खोल गेलेली रेघ म्हणजे नुसता ओरखडा.

कड कापलेली वाटली तर बरोबर समोरची कड बघा. टांकसाळीतच नाण्याची कोरी चकती अपुरी निघाली असेल तर तिथली कडही बहुधा पुसट असते. कानशीने घासलेल्या नाण्याची समोरची कड ठसठशीत राहते.

चार आणे ३० जून २०११ नंतर चलनात नाहीत, आठ आणे अजून चालतात. लाखोंच्या भावाची आमिषं दाखवून कोणी आधी ‘फी’ मागितली तर एक पैसाही देऊ नका.

नाणं चिंचेने किंवा राखेने घासू नका. चकाकी येते, किंमत जाते. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात तर ठेवूच नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते लवकर पाझरतं आणि नाण्यावर हिरवा चिकट थर चढतो. कागदी पाकीट बरं.